कॅमेरा समितीसमोर

सस्काटूनच्या सदरलँड यार्डात मालगाड्या जोडणाऱ्या कामगारावर कॅमेरा रोखला गेला, तर त्याला कॅनडाच्या केंद्र सरकारचा खासगी माहितीचा कायदा आहे. बँका, विमानसेवा आणि टेलिफोन कंपन्यांतल्या नोकरांनाही तो लागू होतो. विद्यापीठ आणि महापालिका सस्कॅचेवान प्रांताच्या वेगळ्या कायद्याखाली येतात. त्याच शहरातल्या किराणा दुकानात, गोदामात किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्याला मात्र यांतलं काहीच मिळत नाही. त्याच्यासाठी उरतो १९७४चा प्रांतीय प्रायव्हसी अ‍ॅक्ट. हक्क नसताना कोणी जाणूनबुजून खासगीपणाचा भंग केला, तर नुकसान सिद्ध न करताही त्याखाली दावा लावता येतो, आणि भंगाच्या प्रकारांत पाळतीचा स्पष्ट उल्लेख आहे. पण तो पाळत ठेवून झाल्यावर, वकील गाठून वापरायचा कायदा आहे. कॅमेरा बसवण्याआधी कामगाराला विचारा, असं तो म्हणत नाही.

हे मला फार खटकतं, कारण आधी विचारण्याची रीत याच प्रांताने घालून दिली होती. १९७२ साली अ‍ॅलन ब्लेकनी यांच्या सरकारने कामगार-आरोग्याचा कायदा केला. त्यामागचा विचार बॉब सास यांनी पुढे नेला. ते तेव्हा प्रांताच्या कामगार खात्यात होते आणि पुढे सस्काटूनच्या विद्यापीठात शिकवू लागले. धोका काय आहे हे कळण्याचा, तो टाळण्याच्या निर्णयात भाग घेण्याचा आणि धोक्याचं काम नाकारण्याचा, असे तीन हक्क या विचारातून रुजले. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी मालक-कामगारांची संयुक्त समिती बंधनकारक झाली. आजही तिचे निदान निम्मे सदस्य कामगारांचे असावे लागतात.

त्याच वर्षी पश्चिम जर्मनीने आपला कामगार-परिषदांचा कायदा नव्याने लिहिला. कामगारांच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवणारं यंत्र आणायचं असेल, तर परिषदेची संमती लागेल, असं कलम त्यात आहे. सस्कॅचेवानने हात कापणाऱ्या यंत्राचा आणि फुप्फुसात जाणाऱ्या धुळीचा विचार केला, पाहणाऱ्या यंत्राचा केला नाही. १९७२ साली ते समजण्यासारखं होतं. आज नाही.

कॅनडात हा प्रश्न ऐरणीवर आणला तो टोरांटोतल्या प्युअरटेक्स या विणकाम कारखान्यातल्या स्थलांतरित बायकांनी. चोरी रोखायची म्हणून मालकाने कॅमेरे बसवले, त्यांतला एक बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराकडे रोखलेला. १९७८-७९च्या थंडीत त्या संपावर गेल्या. सोबत मॅडलीन पेरां यांच्यासारखी मुरलेली संघटक होती. शेवटी लवादाने उत्पादनाच्या जागेतले कॅमेरे काढायला लावले. पुढे २००४ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या टोरांटो यार्डातल्या कॅमेऱ्यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाने निर्णय दिला, तेव्हा चार प्रश्नांची कसोटी वापरली गेली. गरज खरी आहे का, उपाय लागू पडेल का, जाणारा खासगीपणा मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने जास्त नाही ना, कमी त्रासाचा दुसरा मार्ग आहे का. निकाल रेल्वेच्या बाजूने लागला. प्रश्न उत्तमच आहेत. फक्त ते कामगाराने मालकाला आधी विचारायचे नव्हते, न्यायाधीशाने नंतर विचारले.

छुप्या कॅमेऱ्याबाबत हमखास येणारा आक्षेप असा की सांगितलं तर चोर सावध होईल. तो पोकळ नाही. बार्सिलोनाजवळच्या एका सुपरमार्केटमधल्या कॅशियरांवर २००९ साली दहा दिवस छुपी नजर ठेवली गेली, आणि २०१९मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने स्पॅनिश न्यायालयांचा मालकाला अनुकूल निकाल उचलून धरला. तोटा मोठा होता, संशयाला आधार होता, काळ थोडा होता. पण प्रत्येक कामगाराला सांगणं आणि कामगारांच्या प्रतिनिधींना विचारणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कुठे, किती दिवस, चित्रण कोण पाहणार, कधी पुसणार, हे दोन-तीन प्रतिनिधींशी गुप्ततेच्या अटीवर ठरवता येतं.

आपल्याकडेही आधी विचारण्याचा हा धागा तुटलेलाच आहे. गिरणीच्या फाटकावरची झडती गिरणगावाने पिढ्यान् पिढ्या सोसली. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर कामगारांच्या कारखान्यात वर्क्स कमिटीची सोय केली, पण २०२३च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा दिली. त्या कलमात कमिटीचं नाव नाही.

सस्काटूनमध्ये आज अनेक मराठी मुलंमुली दुकानांत आणि स्वयंपाकघरांत काम करतात. ज्यांचा वर्क परमिट एकाच मालकाशी बांधलेला आहे किंवा ज्यांच्या कायम वास्तव्याच्या अर्जाला त्याच मालकाचं पत्र लागतं, त्यांना छतावरच्या नव्या डोळ्याबद्दल एकट्याने विचारणं परवडत नाही. समितीला परवडतं. ती आधीच अस्तित्वात आहे, तिच्या बैठका होतात, इतिवृत्त लिहिलं जातं. सततच्या नजरेचा ताण हाही कामाच्या जागेचा धोका मानून प्रांताने कॅमेऱ्याचा विषय तिच्या अखत्यारीत घालावा, आणि छुपा कॅमेरा तिच्या कामगार सदस्यांच्या लेखी संमतीशिवाय बसू देऊ नये. १९७२च्या कायद्यात धुळीसाठी जे केलं, तेवढंच इथे करायचं आहे.