बाबांची पद्मिनी आणि माझा लॅपटॉप

दिवाळीत दवनीवाड्याला घरी गेलो तेव्हा बाबांची पद्मिनी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. चोक ओढून पाच-सहा वेळा स्टार्टर मारला, तेव्हा कुठे ती खोकत सुरू झाली आणि फाटकापर्यंत जाऊन बंद पडली. मी म्हणालो, "बाबा, हिला फ्युएल इंजेक्शन बसवू या. मी करतो सगळं."

बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "बिघडली त कोनाले बोलावू? तुले?"

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. वर्षातून दोनदा घरी येतो. मला वाटलं होतं की मी एक तांत्रिक प्रस्ताव मांडला आहे. बाबांना तो वेगळाच ऐकू आला होता.

आमची गाडी १९८५ची, कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीची. मुंबईत याच जातीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या, तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले होते. आमच्या गाडीचा फोटो कुणी काढत नाही. बाबा तिच्यातून धानाचं बियाणं आणतात.

तिचा कार्ब्युरेटर म्हणजे साधी युक्ती. इंजिन हवा ओढतं, ती अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल आपोआप खेचलं जातं. त्यात ना वीज, ना सेन्सर. बाहेरून फिरवायचे स्क्रू दोन. गोंदियाचे आमचे मिस्त्री इंजिनाला कान लावून ते स्क्रू फिरवायचे. बाबा शेजारी उभे राहून ऐकायचे. चाळीस वर्षांत बाबांचाही कान तयार झाला.

इंजेक्शनमध्ये विजेचा पंप साधारण तीन बार दाबाने पेट्रोल पाठवतो, इंजेक्टर ते मोजून फवारतो आणि किती फवारायचं हे एक छोटा संगणक ठरवतो. मी निवडलेला संगणक स्पीडुइनो, आर्डुइनोवर चालणारा, ओपन सोर्स. त्यात इंधनाचं एक कोष्टक असतं: १६ आडवी, १६ उभी, एकूण २५६ घरं. लॅपटॉप जोडायचा आणि प्रत्येक घरात आकडा भरायचा. मिस्त्रींच्या दोन स्क्रूंच्या जागी माझी २५६ घरं.

माझी पहिली अडचण वेगळीच होती. जुनी गाडी बदलली तर ती तीच गाडी राहते का? सरकारनेही याचं एक उत्तर दिलंय. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. आमची पद्मिनी २०३५ साली पन्नाशीची होईल. मी आज इंजेक्शन बसवलं, तर तेव्हा ती मूळ रूपातली म्हणायची का?

पण मूळ रूप आहे तरी कुठे? २००० साली पेट्रोलमधून शिसं गेलं. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला फक्त नऊ. जेटच्या भोकाला हे कळत नाही. ते पूर्वीइतकंच इंधन सोडतं आणि मिश्रण पातळ पडतं. जुने रबरी पाइपही इथेनॉलने खराब होतात. आम्ही गाडीला हात लावला नाही, तरी तिच्या पोटात जाणारी वस्तू बदललीच. इंजेक्शनचा ऑक्सिजन सेन्सर धूर तपासून मिश्रण सुधारतो. धूर कमी होतो, आणि तो धूर आमच्या शेजाऱ्यांच्याही नाकात जातो. म्हणजे काहीही न बदलणं हीसुद्धा निर्दोष निवड नव्हती.

मग 'मिलिंदप्रश्न' आठवला. भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतात, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस? चाकं? जू? लगाम? एकही भाग म्हणजे रथ नव्हे. हे भाग एकत्र आल्यावर आपण त्याला रथ म्हणतो, इतकंच. आधी मला हे माझ्या बाजूचं वाटलं: कार्ब्युरेटर गेला म्हणून पद्मिनी जात नाही. मग लक्षात आलं की त्या यादीत लगाम आहे, पण लगाम धरणारा हात नाही. बाबांचा प्रश्न त्या हाताबद्दल होता.

मी गाडी सुधारून देणार होतो आणि त्याच वेळी बाबांना त्यांच्याच गाडीत परकं करणार होतो. आपण मुलं हे सतत करतो. आईला नवा फोन देतो, पासवर्ड आपल्याकडे ठेवतो. भेट देणाऱ्याला उपकार दिसतो. घेणाऱ्याच्या वाट्याला वाट पाहणं येतं.

उलट बाजूही खरी आहे. आमच्या मिस्त्रींनी गेल्या वर्षी गॅरेज बंद केलं. डोळ्यांना दिसत नाही. गावातला दुचाकी दुरुस्त करणारा मुलगा कार्ब्युरेटर उघडायला कचरतो. २०२०च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या दुचाक्या इंजेक्शनच्याच झाल्या. सेन्सर, कनेक्टर हे त्याचं रोजचं काम. म्हणजे दवनीवाड्यात उद्या इंजेक्शन दुरुस्त करणारा असेल, कार्ब्युरेटर दुरुस्त करणारा कदाचित नसेल. फक्त माझी २५६ घरं माझ्या एकट्याकडे असता कामा नयेत.

म्हणून मी स्वतःला अटी घातल्यात. बॉडीला एकही नवं भोक पाडायचं नाही. कार्ब्युरेटर साफ करून, तेल लावून डब्यात ठेवायचा. एका दिवसात परत बसवता यायला हवा. वायरिंगचा नकाशा मराठीत. कोष्टकाची प्रत त्या मुलाकडे, शिकवणीसकट. आणि शेवटी दोन दिवस माझा फोन बंद. त्या दोन दिवसांत मी एक वायर काढून ठेवणार. त्या दोघांना गाडी सुरू करता आली नाही, तर इंजेक्शन उतरवायचं.

बाबांनी अटी ऐकल्या, हो म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलाला चहाला बोलावलं. मी काढलेला नकाशा त्याने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "पंपाचा फ्यूज कुठं आहे?"

तो मी दाखवलाच नव्हता. बाबा हसले आणि त्यांनी पेन त्याच्या हातात दिलं.