आजचं चिंतन : माउलींच्या पाठीवरचे वळ



गावी जाताना जुन्नर तालुक्यातल्या आळे इथं ज्ञानोबांच्या रेड्याच्या समाधीपुढे थांबतो. पैठणला रेड्यानं वेद म्हटले, हे सगळ्यांना पाठ. पण त्याआधी रेड्यावर आसूड पडले आणि वळ माउलींच्या पाठीवर उठले, असं परंपरा सांगते. आधी त्याचं दुखणं आपलं झालं, मग मुक्याला वाचा फुटली.

मागच्या दिवाळीत गावातला एक मुलगा म्हणाला, "दादा, मला घरी नाही जायचं." मी हसून विषय बदलला. पुण्यात आल्यावर झोप लागेना, तेव्हा 1098 ला फोन केला. चार दिवस उशिरा. वेद ऐकले, पण वळ घेतला नाही!

लैंगिक अत्याचार कळला तर पोलिसांना सांगणं 2012 च्या पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्यानं घ्यावा, असंही त्यात आहे.

ती जागा जुन्नर-आंबेगावात का नसावी? समुपदेशनासाठी पुण्याला जायचं तर डोंगरातल्या आईची दिवसाची मजुरी बुडते. आणि कमावणाराच गुन्हेगार निघाला तर घर चालवायचं कसं, हा प्रश्न तिला गप्प बसवतो. म्हणून केंद्र फक्त लेकरासाठी नको, आईसाठीही हवं : एक खोली, प्रशिक्षित ताई, वकील, थोडं रेशन.

यंदा वर्गणी देताना मंडळापुढे हे मांडणार आहे. तुम्हीही आपापल्या गावात मांडाल ना?

माउली!