मागावरची दोन माणसं

गुलमंडीतली कापडदुकानं थोड्याच वेळात उघडतील. आपल्या शहराचं हिमरू कापड म्हणजे सुताच्या ताण्यावर रेशमाची नक्षी. जुन्या मागावर ती विणायला दोघं लागत: खाली विणकर, वर नक्षीचे दोरे ओढणारा जोडीदार. वरच्याला नक्षी कळली नाही, तर खालच्याचा हात अडे. म्हणजे विद्या वाटून घेतल्याशिवाय काम होत नसे; तरीही ती मोजक्या घरांतच राहिली. यंत्रमाग आले, हातमाग बंद पडत गेले, आणि ती सांगणारी माणसंही विरळ झाली. मला ही हानी फार मोठी वाटते.

अशी हानी टाळायची वाट जवळच दिसते: वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये लहान उद्योजक महागडी यंत्रं सामायिक वापरतात. यंत्रांसारखाच अनुभवही वाटून घेता येतो. आज कामावर गेलात, की सगळ्यांत जुन्या कारागिराशेजारी एका नवख्याला बसवा आणि त्याला मनसोक्त विचारू द्या.