नाव काढण्यापूर्वी

‘नाव काढणे’ या शब्दांना मराठीत दोन टोकांचे अर्थ आहेत. पोराने नाव काढले म्हणजे आईबापांच्या कष्टाचे चीज झाले. पोराचे शाळेतून नाव काढले म्हणजे घरात काहीतरी बिनसले. अलीकडे सातारा-सांगलीकडेही दुसरा अर्थ पत्करून पहिला साधू पाहणारे पालक अधूनमधून भेटतात. मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवायचे, असे त्यांच्या मनात असते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा यांतल्या कित्येकांनी पहिल्यांदाच मुलाच्या शेजारी बसून त्याच्या वह्या चाळल्या आणि वर्गात काय चालते याचा अंदाज येऊन ते दचकले. आता त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : पद्धत कोणती घ्यावी? माँटेसरीची, परदेशातल्या तयार अभ्यासक्रमाची, की मुलाला मोकळे सोडून त्याच्या कलाने शिकू देण्याची?

पद्धतीची चर्चा मी थोडी लांबवू इच्छितो. त्याआधी घरातले तास मोजायला हवेत. आणि ते कसे मोजायचे हे शिकायला फार लांब जायला नको. याच दोन जिल्ह्यांत त्याचे धडे पडलेले आहेत.

साताऱ्याच्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. ही शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली गेली. रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर नोंद आहे ती ‘भिवा’ची, म्हणजे पुढच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. तो दिवस २०१७ पासून राज्यात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. या मुलाला शाळेने काय दिले? अस्पृश्य म्हणून वेगळे बसवले, अपमान दिला. आजच्या पालकाने अशा शाळेतून मुलाला त्याच दिवशी घरी आणले असते. त्याचे वडील रामजी सुभेदार यांनी तसे केले नाही. लष्करातल्या शाळेत त्यांनी स्वतः शिकवलेले होते. मुलांचा अभ्यास, विशेषतः इंग्रजी आणि भाषांतर, ते घरी जातीने करून घेत. नाव शाळेत राहिले आणि पाया घरात पक्का झाला. रजिस्टरातल्या त्या एका ओळीने हायस्कूलचा, कॉलेजचा, पुढे परदेशातल्या विद्यापीठांचा दरवाजा किलकिला केला. आत शिरल्यावर टिकून राहण्याचे बळ घरातल्या अभ्यासाने दिले. रामजींनी यांतले एकच निवडले असते तर काय झाले असते, याचा विचार नाव काढायला निघालेल्या प्रत्येकाने करावा.

ज्यांच्या नशिबी ती एक ओळही नव्हती, त्यांची गोष्ट वेगळी. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात नायगाव आहे. १८३१ मध्ये सावित्रीबाईंचा जन्म इथला. १८४० मध्ये लग्न होऊन त्या पुण्याला गेल्या, तेव्हा अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवले. पुढे त्यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले आणि १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक असते. पण १८६२ मध्ये रमाबाई रानड्यांचा जन्मही तिथलाच. माहेरी मुलींनी शिकण्याची चालच नव्हती. १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झाले आणि कोर्टाचे काम आटोपून आलेला नवरा रात्री त्यांना शिकवायला बसू लागला. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० सालच्या पुस्तकात त्या सगळ्या धड्यांची हकिकत आहे. पुढे पुण्याच्या सेवासदनाचा कारभार रमाबाईंनी पाहिला.

या दोघी घरीच शिकल्या, म्हणून गृहशिक्षणाच्या समर्थकांनी त्यांची नावे लगेच यादीत घालू नयेत. दोघींनी घरी शिकून जे केले ते उलट दिशेचे होते : त्यांनी इतरांसाठी शाळा आणि वर्ग उघडले. जोतीरावांनी तर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. बायकोला घरी शिकवून पाहिलेल्या माणसाची ही मागणी होती, हे विसरता येत नाही. असे भाग्य घरोघरी उगवत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असणार.

तरीही या दोन घरांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट, तिथे कुणीतरी रोज बसत होते. रानड्यांची पद्धत काही अपूर्व नव्हती; अपूर्व होते ते दिवसभराच्या कामानंतर पुन्हा बसणे. दुसरी गोष्ट, त्याची किंमत कुणीतरी मोजत होते, आणि ती शिकवणाऱ्यापेक्षा शिकणारीनेच अधिक मोजली. एकत्र कुटुंबातल्या वडीलधाऱ्या बायकांची टोचणी रमाबाईंच्या वाट्याला आली, रानड्यांच्या नव्हे. तिसरी गोष्ट, घराची घडी बदलली तसे शिक्षणही बदलले. १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली, संसार सुटा झाला आणि रमाबाईंच्या शिक्षणाला मोकळीक मिळाली. पुस्तके बदलून जे साधले नसते, ते घरातली माणसे आणि वेळा बदलल्याने साधले.

म्हणून माझे म्हणणे असे की, आपल्या घराला कोणती पद्धत मानवेल याचे उत्तर पद्धतीच्या पुस्तकात मिळत नाही. ते घराच्या दिनक्रमात असते. तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराचे घर घ्या. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग फवारण्या, विरळणी, आणि ढगाळ हवा आली की झोप उडालेली. या घराने आठवड्याचे तासवार वेळापत्रक भिंतीला चिकटवले तर ते पहिल्या छाटणीलाच गळून पडेल. त्यांचे शिक्षण हंगामी असले पाहिजे : मोकळ्या महिन्यांत भरपूर, घाईच्या महिन्यांत बागेच्या वहीतून. औषधाचे पाण्याशी प्रमाण, मजुरीचा हिशेब, बेदाण्याला किती किलो द्राक्षे लागली याचा ताळा, हे सगळे गणितच आहे. साताऱ्यातल्या नोकरदार जोडप्याला यातले काही उपयोगाचे नाही. त्यांच्याकडे सकाळचा एक तास, रात्रीचा एक तास आणि एखादी निवृत्त आजी असते. तिला वाचायला आवडत असेल तर त्या घराचा सारा अभ्यासक्रम तिच्याभोवती उभा राहू शकतो.

आणि विटा-आटपाडी-खटावकडची गलाईवाल्यांची घरे? सोन्याचांदीच्या गलाईसाठी इथली कुटुंबे केरळपासून पंजाबपर्यंत पांगलेली आहेत. घरात माणदेशी मराठी, गल्लीत तिथली भाषा, शाळेत इंग्रजी किंवा हिंदी. मुलाला सोबत न्यायचे की गावी आजी-आजोबांकडे ठेवायचे, हा पेच ती घरे कोणताही सिद्धान्त न वाचता पिढ्यान्‌पिढ्या सोडवत आली आहेत. अशा घराने गृहशिक्षणातून एकच गोष्ट साधली, म्हणजे मुलाला मराठी नीट वाचता-लिहिता येऊ लागले, तरी ते पुरे आहे. बाकीचे तिथली शाळा करील.

बागेच्या वहीत मात्र एक धोका दडलेला आहे. ‘कामातून शिक्षण’ म्हणता म्हणता शिक्षण गळते आणि काम तेवढे उरते. शिकणे आणि राबणे यांतली रेघ मी अशी ओढतो : मुलाला ‘हे असे का?’ विचारायला सवड आहे का, आणि त्याच्या हातून चूक झाली तर घराला ती सोसवते का? सोसवत नसेल तर तो मजूर आहे, विद्यार्थी नव्हे. याच दोन जिल्ह्यांत दर हिवाळ्यात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. त्यांची मुले फडाच्या कडेला धाकटी भावंडे सांभाळताना दिसतात. गावाकडच्या शाळेच्या पटावर त्यांतल्या अनेकांचे नाव असते, मूल तिथे नसते. शाळेबाहेरचे जीवनशिक्षण किती समृद्ध असते यावर बोलताना या मुलांकडे पाठ करून बसता येणार नाही. शाळा नाकारणे ही ज्यांच्याकडे शाळा आहे त्यांचीच चैन आहे. इव्हान इलिचने १९७१ मध्ये समाजाला शाळेतून सोडवण्याचे पुस्तक लिहिले. त्याची टीका धारदार होती, पण शाळेत पोचलेली पहिलीच पिढी ज्या घरात आहे, तिथे ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

कायद्याचे म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे त्याने पालकाचे कर्तव्य ठरवले आहे. घरच्या शिक्षणाचे नाव त्यात नाही. पुढची वाट बंद नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून चौदाव्या वर्षानंतर दहावीची परीक्षा देता येते, आणि आपल्याकडे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणे तर जुनेच आहे. तेव्हा परीक्षेची अडचण दाखवतात तेवढी मोठी नाही. मोठी अडचण दुसरी आहे.

ती समजण्यासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांकडे जावे लागते. कऱ्हाडजवळच्या काल्यात ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. ही मुले जेवावीत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. भाऊरावांनी मुलांना घरातून बाहेर का काढले? गावात शाळा नव्हती हे एक कारण. पण त्या पंगतीतून जे घडले, ते कुणाच्याच घरात घडले नसते. घर कितीही उदार असो, ते एका जातीचे, एका मिळकतीचे, बहुधा एकाच भाषेचे असते. शेजारच्या पाटावर बसलेल्या, वेगळ्या आडनावाच्या मुलाशी भांडण करून पुन्हा त्याच्याच डब्यातला घास खाणे, हा धडा आईबाप शिकवू शकत नाहीत.

यावर पालक म्हणतील, आजच्या शाळांत तरी ती पंगत कुठे आहे? भरमसाट फीच्या शाळेत एकाच मिळकतीची मुले जमतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत उरलेली. आक्षेप खरा आहे. पण त्यावरचा उपाय आणखी आत, स्वतःच्या चार भिंतींत शिरणे हा कसा असेल? फलटणला भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी पाहिले की शाळेत जाणाऱ्या मुलांनाही वाचता येत नाही. त्यांनी मुलांना वाचायला शिकवण्यावर वर्षानुवर्षे काम केले आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा उभी राहिली. असंतोषाला अशीही वाट असते. आणि घरीच शिकवायचे ठरले, तरी आठवड्यातले काही दिवस आपल्या मुलाची पंगत कुणाबरोबर बसणार, हे पुस्तके आणण्याआधी ठरले पाहिजे.

एकट्याने शिकायला निघालेला माणूसही माणसांतच जातो. विनोबांनी १९१६ मध्ये इंटरची परीक्षा वाटेतच सोडली. पुढच्या वर्षी गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन ते वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे शिकायला आले. शाळा सुटली, पण गुरू शोधला. शिवाय बरोबरीच्या विद्यार्थ्यांचे मंडळ काढले. वर्ष संपत आले तेव्हा काय वाचले, काय शिकवले, किती चाललो, काय खाल्ले याचा हिशेब त्यांनी गांधीजींना पत्राने कळवला. स्वतःच्या शिक्षणाचा असा हिशेब देणे कोणत्याही अभ्यासक्रमाइतकेच महत्त्वाचे आहे.

आता पुन्हा देवराष्ट्र्याच्या परिसरात येऊ. त्याच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावात रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो. तो वाजला की घराघरातले टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद करायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे, असे गावाने ठरवले. यात कुणी शाळेतून नाव काढलेले नाही. टाळेबंदीत मुलांच्या हाती आलेला मोबाइल सुटेना, तेव्हा घराचा वाटा घराने उचलायचा असे गावाने मिळून ठरवले, एवढेच. मुलांचा टीव्ही बंद करायचा तर मोठ्यांचाही बंद करावा लागतो, ही यातली खरी किंमत आहे. रानड्यांनी दिवा लावून बसण्याची आणि गावाने टीव्ही विझवून बसण्याची जात एकच.

म्हणून नाव काढायला निघालेल्या पालकांना माझी एक विनंती आहे. नाव आहे तिथेच राहू द्या आणि एक वर्ष रोज दीड तास मुलाशेजारी बसा. लग्नसराई, छाटणी, ऑडिट, आजारपण, काहीही असो. एक वही ठेवा : आज काय वाचले, मुलाने काय विचारले, आपल्याला काय आले नाही, कोण बसले आणि कुणाचे काम मागे पडले. शेवटचा रकाना नीट भरा, कारण बहुतेक घरांत त्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येईल, आणि ते आईचे असेल. तसे असेल तर तो निर्णय कुटुंबाचा नाही. एका बाईवर लादलेली ती बिनपगारी नोकरी आहे.

वर्षाअखेरी ती वही वाचली की घराला मानवणारी पद्धत तिच्यातच सापडेल. तिला परदेशी नाव असेल किंवा कोणतेच नसेल. त्यानंतर खुशाल शाळेत जाऊन दाखला मागा. ज्या घराला वर्षभर रोजचा दीड तास सापडला नाही, त्याने मात्र मुलाचे नाव शाळेच्या रजिस्टरात असू द्यावे.