भाऱ्याचा काय दोष?

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात पित्ताशय काढलेल्या बायकांच्या दोन पिढ्या आहेत. पहिल्या पिढीच्या उजव्या बरगडीखाली वीतभर तिरका व्रण असतो. ते ऑपरेशन बहुधा मिरजेला झालेलं असतं. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं केलं, आणि तेव्हापासून कितीतरी घरांत ‘मिरजेला न्या’ हा दुखण्यातला शेवटचा सल्ला ठरला. दुसऱ्या पिढीच्या पोटावर नुसती चार टिंबं दिसतात. एक बेंबीपाशी, एक छातीच्या हाडाखाली, दोन उजव्या कुशीला.

वीतभर व्रणाला घरात मान होता. तो बघून सासूसुद्धा दोन-तीन महिने कळशी उचलायला सांगत नसे. टिंबांना तो मान नाही. ‘दुर्बिणीचं तर झालंय’ असं म्हणत पंधरवड्यात बाई गोठ्यात असते, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नाही.

माझी आत्या या दुसऱ्या पिढीतली. तासगाव तालुक्यात घर, थोडी द्राक्षबाग, दोन म्हशी. सांगलीच्या एका खासगी दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं, खड्यांची डबी हातात घेऊन ती तिसऱ्या दिवशी घरी आली आणि आल्यागेल्याला ती डबी हलवून दाखवायची. वर्ष उलटल्यावर बेंबीच्या वरच्या अंगाला फुगवटा दिसायला लागला. झोपलं की जायचा, खोकला आला की पुन्हा यायचा. “काय न्हाई गं, ग्यास हाय,” असं म्हणत तिनं बरेच दिवस काढले. हळदीचा लेप झाला, शेक झाला, मेडिकलमधून आणलेला पट्टा झाला. घरातल्या पुरुषांचा निकाल मात्र पहिल्या दिवशीच लागला होता. “वैरणीचा भारा उचलला, दुसरं काय?”

शेवटी ती आमच्याकडे साताऱ्याला आली. ओळखीच्या सर्जननी तिला उताणी झोपवलं, हात छातीवर घ्यायला लावले. “मावशी, आधार न घेता नुसती मान उचला. पायाच्या अंगठ्याकडं बघा.” मान उचलताच बेंबीवरच्या त्या पुसट टिंबाखालून गोळा वर आला. त्यांनी दोन बोटांनी हलकेच दाबला, तसा गुरगुर आवाज करत आत गेला. मग आत्याचंच बोट धरून त्यांनी तिथं टेकवलं. कातडीखाली एक कडक, गोल कड लागत होती. “आत भोकच हाय की वो,” आत्या म्हणाली. वर कातडीवर तर ते टिंब शोधावं लागत होतं.

हा हर्निया दुर्बिणीच्या छिद्रातून आलेला. पोटाच्या भिंतीला खरी ताकद देतं ते स्नायूंवरचं चिवट पांढरं आवरण. ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, मग कातडी आणि आवरण भेदून पोकळ नळ्या आत घालतात. पित्ताशयासाठी बहुतेक वेळा दोन नळ्या दहा मिलिमीटरच्या, दोन पाचच्या. पाचच्या छिद्रातून मोठ्या माणसात सहसा काही येत नाही. दहाच्या छिद्रातून येऊ शकतं, म्हणून तिथं कातडीच्या टाक्याखेरीज आवरणाला वेगळा टाका घालावा, असं बहुतेक सर्जन मानतात. बेंबीपाशी तर स्नायूच नाही, सगळी मदार आवरणावर. त्यात खडे मोठे असले की पित्ताशय त्या छिद्रातून ओढून निघत नाही, छिद्र वाढवावं लागतं. आत्याच्या डबीतले खडे मी पाहिले होते.

नळीच्या टोकावरही बरंच अवलंबून असतं. मार्केट यार्डात धान्याचा नमुना काढायला पोत्यात टोकदार नळी खुपसतात. तिचं टोक गोलसर असेल तर सुतळीचे धागे बाजूला सरतात आणि नळी काढल्यावर पुन्हा जवळ येतात. पात्यासारखं असेल तर धागे तुटतात, मग त्या भोकातून दाणे गळत राहतात. आवरणाचंही थोडंफार तसंच. कापणाऱ्या टोकापेक्षा तंतू फाकवणाऱ्या टोकानं पडलेलं भोक लहान राहतं.

हे सगळं नवं नाही. दुर्बिणीच्या छिद्रातून हर्निया झाल्याची पहिली नोंद १९६८ सालची, स्त्रीरोगतज्ज्ञाची. तेव्हा दुर्बिणीनं पित्ताशय काढायची कल्पनाही कुणी प्रत्यक्षात आणली नव्हती. ते १९८५ साली जर्मनीत एरिश म्यूए यांनी केलं आणि आपल्याच व्यवसायबंधूंची बोलणी खाल्ली. भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी पहिलं ऑपरेशन केलं. आपल्या खेड्यांतल्या बायकांना मात्र दुर्बीण त्याआधीच ठाऊक झाली होती, ती कुटुंब नियोजनाच्या शिबिरांतून. आणखी एक गंमत सांगते. पोटात हवा भरायला आजही अनेक ठिकाणी जी सुई वापरतात, ती हंगेरीच्या यानोश वेरेस यांनी १९३०च्या दशकात क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी घडवली. आमच्या मिरज-सांगली रस्त्यावरची वानलेसवाडी ज्या आरोग्यधामामुळे वसली, तेही क्षयरोग्यांसाठीच होतं. रोग बदलला, सुई टिकली.

दुर्बिणीचं ऑपरेशन वाईट, असं मात्र म्हणायचं नाही. पोट मधोमध उघडून केलेल्या ऑपरेशनानंतर शंभरात दहा-वीस जणांना पुढे हर्निया होतो, असं जगभरचे अभ्यास सांगतात. दुर्बिणीच्या छिद्रांतून होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोनच्या आसपास, फार लठ्ठ माणसांत त्याहून जास्त. शिवाय गरिबाला लवकर कामावर परत जाता येतं, हा उदवाडियांसारख्यांचा युक्तिवाद रोजंदारीवर जगणाऱ्या कुठल्याही घराला पटेल. हातावर पोट असलेल्यानं दोन महिने अंथरुणात काढायचे तर खायचं काय?

मला खटकतं ते वेगळंच. हर्निया झाला की घरातलं बोट सरळ बाईच्या कामाकडे वळतं. आमच्याकडे उसाची मोळी, वैरणीचा भारा, द्राक्षाचे क्रेट, हळदीचं पोतं, उचलायला काही ना काही असतंच. त्यामुळे आरोपाला पुरावा शोधावा लागत नाही. आत्यानंही तो मान्य केलेला. “माझंच चुकलं बघ, दम धरवला न्हाई,” असं ती साताऱ्याच्या वाटेवर दोनदा म्हणाली. सर्जननी कारणं मोजली ती निराळ्या क्रमानं. छिद्र कुठलं, केवढं, वाढवलं होतं का, आवरण शिवलं होतं का. नंतर जखमेत पू झाला का. मग वजन, साखर, जुना खोकला, बद्धकोष्ठ. भारा त्या यादीत होता, पण बराच खाली. पहिले चार-सहा आठवडे जड उचलू नका असं सगळेच डॉक्टर सांगतात, आणि ते ऐकावं. पण लवकर काम केल्यानंच हर्निया होतो, असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा तोकडाच आहे. आत्याची साखर नीट नव्हती आणि चुलीपुढं बसून बसून छातीत कायमचा खोकला होता. त्या खोकल्याबद्दल घरात कधी कुणी निकाल दिला नव्हता.

बरं, आवरण शिवायचं राहिलं म्हणून कुणाला दोष द्यावा, तर तेही सोपं नाही. अंगानं भरलेल्या बाईच्या पोटात चार बोटं चरबीखाली, दीड सेंटीमीटरच्या चिरेतून आवरणाच्या दोन्ही कडा पकडून टाका घालायचा, तोही यादीतला पुढचा पेशंट भूल घ्यायला बाहेर थांबलेला असताना. त्यासाठी खास सुया मिळतात, तरी ते काम चिकाटीचंच. आत्याचं डिस्चार्ज कार्ड सोनोग्राफीच्या फिल्मसोबत पिशवीत नीट जपलेलं होतं. त्यावर औषधं होती, पथ्य होतं, बिलाचा आकडा होता. आवरणाबद्दल ओळ नव्हती. टाका घातलाच नव्हता, की घातलेला खोकल्यानं सुटला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. साताऱ्यात तिला जाळी बसवली. “मग भाऱ्याचा काय दोष?” हे वाक्य ती घरी जाऊन म्हणाली असं चुलतभावानं फोनवर सांगितलं, जरा कुरकुरतच.

आत्याचा हर्निया उशिराचा, सवडीनं दुरुस्त करण्याजोगा. ऑपरेशननंतर काही दिवसांतच होणारा प्रकार क्वचित दिसतो, पण तो धोक्याचा. त्यात आतड्याच्या भिंतीचा नुसता एक पदर छिद्रात अडकू शकतो. बाहेर गाठ धड दिसत नाही, वारा सरत असतो, त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात, आणि आत तो तुकडा काळा पडत जातो. जतच्या टोकाच्या गावातून सांगली गाठायची किंवा कोयनेच्या पाण्यापलीकडून लाँचनं येऊन सातारा गाठायचा, तर ‘उद्या बघू’ म्हणण्यात किती वेळ जातो हे तिथं राहणाऱ्यांना माहीत आहे. ऑपरेशननंतर घरी आल्यावर उलट्या थांबत नसतील, पोट फुगून दुखत असेल, एखाद्या टिंबापाशी दुखरा कडकपणा आला असेल, तर गॅसची गोळी देऊन रात्र काढू नका. फुगवटा आत जाईनासा झाला, तरी तसंच.

आणि घरी सोडतानाच डॉक्टरांना दोन गोष्टी कार्डावर लिहून मागा: कुठलं छिद्र किती मिलिमीटरचं होतं, आणि आतलं आवरण शिवलं का. मागायला संकोच करू नका, लिहायला त्यांना एक मिनिट लागतं.