बियाण्याचा दोष की पावसाचा?

1954 च्या फेब्रुवारीत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अँथनी ॲलिसन या अठ्ठावीस वर्षांच्या डॉक्टरचा एक शोधनिबंध छापून आला. विषय होता हिवताप आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. निबंध निव्वळ वैद्यकाचा, पण माणूस देवाला युगानुयुगे जो प्रश्न विचारत आला आहे, त्याला तो थेट जाऊन भिडतो. ज्याने काहीच केलेलं नाही, त्या मुलाच्या वाट्याला दुखणं का येतं?

ॲलिसन लहानाचे मोठे झाले केनियात. 1949 साली ऑक्सफर्डच्या एका मोहिमेबरोबर ते तिथे परतले आणि गावोगावी रक्ताचे नमुने घेत हिंडले. समुद्रकिनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, जिथे हिवतापाचा कहर, तिथे वीस टक्क्यांहून जास्त लोकांत सिकलसेलचा अंश सापडला. थंड डोंगराळ भागात तो एक टक्काही नव्हता. मग युगांडात कंपालाच्या आसपासच्या 290 मुलांचं रक्त त्यांनी तपासलं. सिकलसेलचा अंश असलेल्या 43 मुलांपैकी 12 जणांत हिवतापाचे परजीवी होते. उरलेल्या 247 पैकी 113 जणांत.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. लुओ जमातीतल्या तीस प्रौढ स्वयंसेवकांना त्यांनी मुद्दाम हिवतापाची लागण केली. सिकलसेलचा अंश नसलेल्या पंधरापैकी चौदा जणांना ती झाली, अंश असलेल्या पंधरापैकी फक्त दोघांना. निष्कर्ष लखलखीत होता. पण धडधाकट माणसांच्या अंगात रोग सोडून तो मिळवला होता, हे वाचताना आज मन अडखळतं, आणि अडखळायलाच हवं.

आई किंवा बाप, एकाकडूनच सिकलसेलचा जनुक आला तर मुलात त्याचा अंश राहतो, म्हणजे ते वाहक होतं आणि जीवघेण्या हिवतापापासून त्याला बरंचसं संरक्षण मिळतं. दोघांकडून आला तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं ठणकतात. आईबाप दोघेही वाहक असले, तर दर गरोदरपणात ही शक्यता चारात एक.

ज्याने काही केलं नाही त्याला दुखणं का, हा ईश्वरावरचा आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आहे. कुणाला सुख, कुणाला यातना, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय नव्हे का? वैषम्य आणि नैर्घृण्य हे तिथले शब्द. शंकराचार्य भाष्यात पावसाची उपमा देतात. पाऊस सगळ्यांसाठी सारखाच. भात उगवतो की जव, ते बियाण्यावर ठरतं. तसा ईश्वर सर्वांना समान, फरक ज्याच्या त्याच्या कर्माचा.

ॲलिसनांचं काम वाचल्यावर ही उपमा अधिकच पटते आणि उत्तर मात्र तोकडं वाटू लागतं. फरक बियाण्यातच आहे, खरं. पण हे बियाणं पिढ्यान्‌पिढ्या डासांनी आणि तापाने निवडून ठेवलेलं. त्यात या मुलाची करणी कोणती? कर्मवादी म्हणेल, त्या घरात जन्म मिळाला तोच कर्माने. हे तर्काने खोडता येत नाही, सूक्ष्मदर्शकाने तर नाहीच. पण ते ऐकावं लागतं आईला. पोराच्या दुखण्यापायी रात्र-रात्र जागणाऱ्या बाईच्या पदरात मागच्या जन्मीचं पापही टाकायचं?

दुसरं उत्तर युरोपातल्या लायब्निझच्या वळणाचं: काहींचं दुःख हे साऱ्यांच्या भल्याचा भाग असतं. इथे तो हिशेब आकड्यांनिशी जुळतो, आणि म्हणूनच तो भयंकर वाटतो. अनेक वाहक तापातून वाचतात, त्याची किंमत एक मूल मोजतं, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

हा प्रश्न आफ्रिकेपुरता नाही. पूर्व विदर्भात आणि नंदुरबारमध्ये सिकलसेल घराघरांत आहे, आणि गडचिरोलीच्या जंगलात हिवतापही. एकाच आईबापाची दोन मुलं. एक जनुकाच्या आडोशाने तापातून तरतं, दुसरं त्याच जनुकापायी तळमळतं. दोघांच्या रक्ताची पहिली चाचणी अगदी साधी. परीक्षानळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब सोडायचा. ते गढूळ झालं, की सिकलसेल आहे. पण तो गढूळपणा वाचलेल्या मुलाचा की सोसणाऱ्या मुलाचा, हे त्या नळीकडे बघून सांगता येत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी करावी लागते.