मूल कोणत्या खात्याचं?

जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत बसणारी, पण अजून जोडाक्षराशी अडणारी एखादी मुलगी घ्या. वर्गशिक्षकांच्या वहीत ती ‘अप्रगत’ असते. तिच्याकडे प्रमाणपत्र असेल तर यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीच्या, माहितीत ती ‘सीडब्ल्यूएसएन’ (चिल्ड्रन विथ स्पेशल नीड्स) होते, आणि हा शब्द शिक्षक आता मराठीच असल्यासारखा बोलतात. सरकारी रुग्णालयाच्या कागदावर ‘बौद्धिक अक्षमता’ किंवा ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ असं लिहिलेलं असतं, योजनेच्या अर्जावर ‘दिव्यांग’. घरी आजी म्हणते, पोर जरा साधी आहे. वर्गातली मुलं मात्र मधल्या सुट्टीत एका अक्षरात मोकळी होतात: ढ.

यातला कोणता शब्द कमी बोचतो, यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. ते बोललं जायलाच हवं, कारण मुलं ऐकत असतात आणि ऐकलेलं विसरत नाहीत. पण गेल्या सव्वाशे वर्षांत या मुलांसाठी वापरले गेलेले शब्द ओळीने पाहिले की दुसरीच गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत्येक शब्दाने हे मूल कोणाच्या हवाली करायचं ते ठरवलं आहे. डॉक्टरच्या, पोलिसाच्या, समाजकल्याण खात्याच्या, की शाळेच्या? शब्द गोड की कडू, यापेक्षा हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं आणि तोवर शेतात, कारखान्यात किंवा घरात असलेली सगळ्या प्रकारची मुलं वर्गात आली. त्यातली काही इतरांबरोबर चालू शकत नव्हती. त्यांचं काय करायचं हे ठरवण्यासाठी १९०४ मध्ये शिक्षणमंत्रालयाने एक आयोग नेमला. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने त्यावर होते. कोणत्या मुलाला वेगळी मदत लागेल हे एखाद्या शिक्षकाच्या नाराजीवर किंवा डॉक्टरच्या अंदाजावर सोडू नये, म्हणून त्यांनी थिओडोर सिमों यांच्यासोबत १९०५ मध्ये प्रश्नांची एक चढती मालिका तयार केली. बुद्धिमापनाचा आजचा सगळा पसारा तिथून सुरू झाला. पण बिनेंना त्या मोजमापातून मुलाचा कायमचा दर्जा ठरवायचा नव्हता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि न वाढणारी गोष्ट आहे, या समजाला त्यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात ठाम विरोध केला. लक्ष, स्मरण, निर्णय यांचे सराव घेणारे खास वर्ग काढावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या लेखी ते मूल शाळेचंच होतं.

बिने १९११ मध्ये गेले. तोवर त्यांची चाचणी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोचली होती. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या संस्थेत काम करणारे हेन्री गॉडर्ड यांनी तिच्या आधाराने माणसांच्या तीन पायऱ्या केल्या. मानसिक वय दोनपर्यंत असेल तर इडियट, तीन ते सात असेल तर इम्बेसाइल, आठ ते बारा असेल तर मोरॉन. यातला शेवटचा शब्द त्यांनी १९१० मध्ये ग्रीकवरून स्वतः घडवला. आज हे तिन्ही शब्द शिव्या आहेत, तेव्हा ते तज्ज्ञांच्या तक्त्यातले रकाने होते. पुढे हीच चाचणी न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर बोटीतून उतरणाऱ्या स्थलांतरितांवरही वापरली गेली. प्रश्नांची मालिका तीच राहिली, फक्त ती आता कोणाला वर्गात मदत करायची हे ठरवत नव्हती, कोणाला बाहेर ठेवायचं ते ठरवत होती.

आपल्याकडचा १९१२ चा ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ त्याच काळातला. त्यात ‘ल्युनॅटिक’च्या व्याख्येतच ‘इडियट’ सामावलेला होता. म्हणजे मानसिक आजार झालेला माणूस आणि जन्मापासून सावकाश समजणारं मूल कायद्यासाठी एकच. शाळेचा त्यात संबंध नव्हता, संबंध होता तो दंडाधिकाऱ्याचा आणि वेड्यांच्या इस्पितळाचा. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व मानसिक आजारातून वेगळं काढलं, तोवर पाऊण शतक गेलं होतं.

याच दरम्यान बिनेंची चाचणी मराठीत आली. व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी ती नव्याने बेतली आणि १९४० मध्ये त्यावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. ‘बिने-कामत’ हे नाव आजही रुग्णालयांत आणि बालमार्गदर्शन केंद्रांत ऐकू येतं. कामतांच्या कामाचं मोल मोठं आहे. परक्या मुलांच्या अनुभवावर बेतलेले प्रश्न आपल्या मुलांना विचारून त्यांना कमी ठरवणं त्यांनी थांबवलं. पण त्यातून मिळणारा बुद्ध्यांक पुढे कशासाठी वापरायचा, हे कोणतीही चाचणी सांगत नाही. ते खातं सांगतं.

मुंबईत १९४४ मध्ये होर्मसजी आणि जेरबानू वकील या दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा सुरू केली, ती आजची जय वकील. पुण्यात १९६४ मध्ये ‘कामायनी’ उभी राहिली. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत ‘मतिमंद विद्यालय’ अशा पाट्या लागल्या. आज ‘मतिमंद’ हा शब्द आपल्याला खटकतो आणि तो मागे पडला हे चांगलंच झालं. तरी त्या पाट्या लावणाऱ्यांची बाजू मला सोडवत नाही. गावात ज्याला खुळं म्हणत, कोंडून ठेवत, देवदेवस्की करत फिरवत, त्याच्यासाठी त्यांनी ‘विद्यालय’ हा शब्द मागून घेतला. हे मूल वेडं नाही, याला शिकवता येतं, एवढं सांगायला तो शब्द त्या काळी पुरला. अडचण दुसरीकडे होती. या शाळा शिक्षण खात्याच्या नव्हत्या, समाजकल्याण खात्याच्या होत्या. अनुदान वेगळं, तपासणी वेगळी, अभ्यासक्रम वेगळा. शेजारच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना ‘ते आमचं काम नाही’ असं म्हणण्याची सोय झाली. मुलाला शाळा मिळाली, पण शिक्षण खात्याच्या हजेरीपटावरून त्याचं नाव सुटलं.

ब्रिटनमध्ये हेच वेगळ्या वाटेने घडलं होतं. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर तिथे मुलांचे प्रवर्ग पाडले गेले, त्यात ‘एज्युकेशनली सबनॉर्मल’ हा एक. त्याच्याही खालची मुलं ‘शाळेत शिकवण्यास अपात्र’ ठरत आणि आरोग्य खात्याकडे जात. १९७० मध्ये कायदा बदलला आणि १९७१ च्या एप्रिलपासून ही मुलं शिक्षण खात्याकडे आली. माझ्या मते हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल. त्यात कोणाचं नाव बदललं नाही, जबाबदारी बदलली. त्याच वर्षी मूळचे ग्रेनाडाचे शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी एक छोटं पुस्तक लिहून दाखवलं, की लंडनमध्ये ‘सबनॉर्मल’ मुलांच्या शाळांत वेस्ट इंडियन कुटुंबांतली मुलं प्रमाणाबाहेर भरली गेली आहेत. चाचणीत त्यांची बोली आणि घरची रीत कमी बुद्धी म्हणून मोजली जात होती. आदिवासी पाड्यावरून आश्रमशाळेत आलेल्या, भिल्ली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतल्या प्रश्नांवर तपासताना हे पुस्तक आठवावं.

मग आला १९७८ चा वॉर्नॉक अहवाल. तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने ते प्रवर्ग बाजूला सारायला सांगितले. त्यांचं म्हणणं असं की विशेष शाळेत जाणारी मुलं शंभरात दोनच्या आसपास असली, तरी शाळेच्या वर्षांत कधी ना कधी जास्तीची मदत लागणारी मुलं पाचात एक निघतील, आणि ती बहुतेक साध्या वर्गातच बसलेली आहेत. म्हणून ‘विशेष शैक्षणिक गरज’ हा शब्द. या शब्दात ‘गरज’ मुलाच्या अंगात नव्हती. या मुलाला शिकण्यासाठी काय हवं आणि शाळेत आज काय नाही, यांमधलं अंतर म्हणजे गरज. १९८१ च्या कायद्यात हा विचार उतरला. नंतर तिथेही, मुलाला कोणती मदत द्यायची ते लिहिलेला ‘स्टेटमेंट’ नावाचा कागद मिळवण्यासाठी पालकांची ओढाताण सुरू झाली आणि २००५ मध्ये स्वतः वॉर्नॉक यांनी या व्यवस्थेचा फेरविचार करा असं लिहिलं.

आपल्याकडे ‘विशेष गरजा असणारी मुलं’ हा शब्द सर्वशिक्षा अभियानासोबत शाळाशाळांत पोचला. त्याआधी कोठारी आयोगाने अशा मुलांना शक्य तिथे साध्या शाळेत घ्यावं असं म्हटलं होतं, १९७४ मध्ये एकात्मिक शिक्षणाची केंद्रीय योजनाही आली होती. पण हा शब्द इथे आला तेव्हा त्यातलं शाळेबद्दलचं विधान वाटेत गळालं. आपल्या यू-डायसच्या माहितीपत्रकात ‘विशेष गरजा’ म्हणजे अपंगत्वाच्या प्रकारांचा रकाना. शाळेत काय कमी आहे, हा प्रश्न त्या रकान्यात येत नाही.

‘अध्ययन अक्षमता’ या शब्दाची वाट निराळी, कारण तो पालकांनी उचलला. १९६३ मध्ये शिकागोत पालकांच्या मेळाव्यात सॅम्युअल कर्क यांनी ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्द वापरला आणि पालकांनी लगेच आपल्या संघटनेसाठी तो घेतला. बुद्धी चांगली, तरी वाचन-लेखन-गणितात अडणाऱ्या मुलांसाठी तोवर धड नावच नव्हतं. महाराष्ट्राने १९९६ पासून दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जास्तीचा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती द्यायला सुरुवात केली, पण १९९५ च्या केंद्रीय अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत ही मुलं नव्हती. २००७ मध्ये ‘तारे जमीं पर’ या चित्रपटातल्या ईशानने घराघरांत हा विषय नेला, आणि २०१६ च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले तेव्हा अध्ययन अक्षमता त्यात आली. एवढा काळ लागला. त्यातही मराठी माध्यमाचं मूल मागेच राहिलं, कारण चाचण्या इंग्रजीच्या. इंग्रजीत पहिली वेलांटी नाही. ती कागदावर अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर. रफार उच्चारायचा आधी आणि तो बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. आपल्या मुलांचं अडखळणं तिथे असतं आणि इंग्रजी चाचणीला ते दिसत नाही. मराठीसह काही भारतीय भाषांतली तपासणीची साधनं तयार झाली ती गेल्या दशकभरातली.

‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधानांनी २०१५ च्या डिसेंबरात ‘मन की बात’मध्ये सुचवला. महाराष्ट्रात २०२२ च्या अखेरीस दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही झाला. स्वतंत्र विभागामुळे पैशाला आणि निर्णयांना वेग येत असेल तर त्याचं स्वागतच आहे. शब्दाबद्दल मात्र अपंग हक्कांसाठी काम करणाऱ्या अनेकांनी घेतलेला आक्षेप मला पटतो. वजाबाकी तिसऱ्यांदा, वेगळ्या पद्धतीने समजावून हवी असलेल्या मुलाला दिव्यत्व नको असतं, कोणीतरी ती वजाबाकी समजावायला हवी असते. आणि विशेष शाळा अजूनही शिक्षण विभागाबाहेरच आहेत. पाटी रंगवली, दार तेच राहिलं.

याउलट ‘अप्रगत’ या शब्दावर मी पूर्वी चिडत असे, आता तितका चिडत नाही. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात मुलांसोबत शाळाही प्रगत व्हायची होती. एकच विशेषण मुलालाही आणि शाळेलाही लागलं, हे मला दुसरीकडे फारसं आढळत नाही. नंतर शिक्षकांच्या वहीत फक्त मुलांची यादी उरली, हे दुर्दैव.

राहिलं ते मूल, ज्याला पूर्वी ‘गतिमंद’ म्हणत. बुद्ध्यांक सत्तर-पंच्याऐंशीच्या मधला. बौद्धिक अक्षमतेत बसत नाही, अध्ययन अक्षमतेतही नाही. एकवीस प्रकारांत त्याचा प्रकार नाही. रुग्णालयाच्या रांगेत दिवस घालवून, मजुरी बुडवून, आई-बाप कोणताच कागद न घेता परत येतात आणि वर्गात त्याचं नाव तेच एक अक्षर. अशी मुलं थोडी नाहीत, कोणत्याही शिक्षकाला विचारा. त्यांच्यासाठी बाविसावा प्रकार काढा अशी मागणी अधूनमधून होते. मला ती नको वाटते, कारण शिक्षण हक्क कायद्यातलं चोविसावं कलम आधीपासून आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून, लागेल तिथे जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे, असं ते म्हणतं. त्यात प्रमाणपत्राची अट नाही, टक्केवारी नाही, मुलाला नाव देण्याची गरज नाही.

हे कलम अमलात यायचं तर द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाचा वेळ मोकळा करावा लागेल. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक केंद्रातल्या साऱ्या शाळा फिरतात आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर राबले आहेत, त्यांना शाळेजवळ आणि नोकरीत स्थिर ठेवावं लागेल. आणि पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात, मुलाच्या अक्षमतेच्या रकान्याशेजारी, या मुलाला शाळेने यंदा किती तास जादा शिकवलं हे विचारावं लागेल.